याच्यावाचून काय अडलं?

लिफ्टच्या दाराला पुठ्ठ्याची पाटी लटकत होती : "लिफ्ट बंद आहे. भाग यायचा आहे." अक्षर मिस्त्रींचं आणि मजकूर शुद्ध खोटा. भाग यायचा वगैरे काही नव्हता. उलट एक भाग जास्त झाला होता आणि तो मिस्त्रींच्या खिशात होता.

मिस्त्रींना सगळी इमारत वरखाली मिस्त्री म्हणायची. उभं आयुष्य लिफ्टा दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ते राहायचे पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि इमारतीच्या लिफ्टची देखभालही त्यांच्याकडेच होती. त्यांची काम करायची एक ठरलेली रीत होती. उघडलेला प्रत्येक नट, प्रत्येक स्क्रू काढल्या क्रमाने पत्र्याच्या ताटलीत गोल मांडायचा आणि बसवताना उलट्या क्रमाने उचलायचा. ताटली रिकामी झाली की ती पालथी करून दाखवायची आणि म्हणायचं, "जेवढं उघडलं, तेवढं बसलं." समोर कुणी नसलं तरी म्हणायचे. कंपनीतली तरुण पोरं त्यांच्या पाठीमागे ताटल्या पालथ्या घालून हसायची, पण ज्या लिफ्टला मिस्त्रींचा हात लागला तिची तक्रार पुन्हा येत नसे, हेही तीच पोरं सांगायची.

त्या दिवशी त्यांनी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसून ब्रेक उघडला, साफ केला, जोडला. हात ग्रीसने बरबटले होते. पिशवीत हात घालून मिळेल ते फडकं ओढलं, हिरव्या फुलांचं कसलं तरी कापड होतं, ताटलीवरच खसाखसा हात पुसले. मग ताटली उचलून पालथी केली आणि "जेवढं उघडलं" एवढं म्हणून झालं, तोच टण्णकन आवाज झाला. फरशीवर एक चकती पडली होती.

पोलादाची, पातळ, बांगडीच्या मानाने लहान, अंगठीच्या मानाने मोठी. बाहेरच्या बाजूला तीन कान, आतल्या बाजूला दोन दात. त्यातला एक दात झिजून बोथट झालेला. मिस्त्री घाबरले ते त्या दातामुळे. झिजलेला दात म्हणजे ही चकती कुठेतरी इमाने-इतबारे काम करत होती. शोभेची नव्हती.

त्यांनी ब्रेक पुन्हा उघडला. सगळं जागच्या जागी. पुन्हा जोडला. मोटर पाहिली, पुली पाहिली, तारा पाहिल्या. कुठे काही कमी नव्हतं. लिफ्ट लोण्यासारखी वरखाली होत होती, आणि हातातली चकती काही जात नव्हती. शेवटी त्यांनी लिफ्ट तळमजल्यावर उभी केली, वीज तोडली आणि ती पाटी लिहिली.

खरं कुणाला सांगणार? निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. नव्या लिफ्टा आपलं दुखणं आपणच कंपनीला कळवतात, मिस्त्रींनी फक्त जाऊन सही करायची, असे दिवस आलेले. उरली होती ती एक पालथी ताटली. आता तीही गेली म्हटल्यावर माणसाने तोंड कुठे लपवायचं? म्हणून ते बायकोलाही म्हणाले, "भाग यायचाय."

बायकोचे गुडघे आधीच कुरकुरणारे. बाजाराची पिशवी घेऊन ती जिना चढायची तेव्हा तिसऱ्या मजल्यापासूनच तिच्या श्वासाचा आवाज घरात यायचा. मिस्त्रींना तो ऐकवत नसे. त्यांनी गुपचूप तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक स्टूल नेऊन ठेवलं. पहिल्याच दिवशी त्यावर दुसरंच कुणी बसलेलं दिसलं, तेव्हा त्यांनी आतल्या आत दात-ओठ खाल्ले.

"माझ्या त्याचं काय झालं हो?" एका संध्याकाळी बायकोने विचारलं. ती खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला हाताने टाके घालत होती.

मिस्त्रींना वाटलं, गुडघ्यांपायी लिफ्टचं विचारतेय. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सांगितलं ना, भाग यायचाय."

"बरं," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

इमारतीचे अध्यक्ष एवढे समजूतदार नव्हते. ते राहायचे पहिल्या मजल्यावर, त्यामुळे लिफ्ट बंद असल्याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होत होता. पंधरवडा उलटल्यावर त्यांनी मिस्त्रींना जिन्यातच गाठलं.

"काय हो मिस्त्री, भाग काय चंद्रावरून यायचाय?"

"येईल. जुनी लिफ्ट आहे. सहज मिळत नाही."

"येत्या सोमवारी मी कंपनीला फोन लावणार. दुसरा माणूस पाठवा म्हणणार. तुमच्यावाचून काही अडत नाही म्हणावं."

अध्यक्ष बोलून गेले आणि विसरून गेले. मिस्त्री मात्र ते वाक्य घेऊन पाचही मजले चढले. दुसरा माणूस येणार, सगळं उघडणार, विचारणार, आणि संध्याकाळपर्यंत कंपनीभर होणार, की वरखाली मिस्त्रींच्या ताटलीत भाग उरला. सोमवारच्या आत ही चकती कुठली ते कळायलाच हवं होतं.

पण एक सांगायला हवं. भीती होतीच, पण तिच्या जोडीला आता दुसरंही काही लागलं होतं. मिस्त्रींना त्या चकतीचं वेड लागलं होतं. जेवताना ती ताटाआड मांडीवर ठेवायचे. तीन कान कशासाठी? दोन दात कुणाला धरत असतील? त्यांनी ती मापून पाहिली, कागदावर गिरवून पाहिली, कानाशी नेऊन टिचकी मारूनही पाहिली, जणू ती स्वतःच नाव सांगणार होती. बायको घरात शिरली की पटकन खिशात.

कोपऱ्यावरच्या नटबोल्टवाल्याने चकती उलटसुलट करून परत केली. "माझ्या दुकानातली नाही ही. जास्त झाली काय?"

मिस्त्रींनी चकती घाईने खिशात टाकली.

"लाजता काय! मग त्या घड्याळवाल्या बाईंच्या म्युझियममध्ये जा. तिथे सगळं जास्त झालेलंच आहे."

"कसलं म्युझियम?"

"उरलेल्या भागांचं. तुम्ही मशीन उघडता, जोडता, एक स्क्रू उरतो, मशीन तरी चालतं. तो स्क्रू तिथे."

"लोक बघायला येतात हे?"

"जगात कुठे केसांचं म्युझियम आहे, कुठे संडासांचं आहे. प्रेम तुटलेल्या लोकांनी एकमेकांच्या वस्तू दिल्या, त्यांचंसुद्धा आहे म्हणे. आपल्या वाट्याला हे आलं. जा, हसतील म्हणून घाबरू नका. तिथे येणाऱ्या प्रत्येकाचा एक स्क्रू ढिला असतोच."

म्युझियम म्हणजे एका बंद पडलेल्या घड्याळाच्या दुकानामागच्या दोन खोल्या. दारावर ना पाटी ना तिकीट. आत शिरल्यावर मिस्त्री दारातच थबकले. चारी भिंतींवर, छतापासून कमरेपर्यंत, दोऱ्यांना वस्तू टांगलेल्या होत्या. स्क्रू, स्प्रिंगा, दांडे, झाकणं, दातेरी चाकं. दाराच्या वाऱ्याने सगळं किंचित हललं आणि बारीक किणकिणलं. प्रत्येक दोऱ्याला एक कार्ड. कार्डावर वर एकच छापील प्रश्न : "याच्यावाचून काय अडलं?" आणि खाली ज्याचं त्याने हाताने लिहिलेलं उत्तर.

एका स्क्रूखाली होतं, "काही नाही. पंखा पूर्वी करकरायचा, आता करकरत नाही."

तारेच्या वेटोळ्याखाली : "रेडिओवर आता एकच स्टेशन लागतं. घरातली भांडणं मिटली."

कवळीतल्या एका दाताखाली : "आजोबांना पत्ता नाही. सफरचंद खातात."

जोडचित्राच्या एका निळ्या तुकड्याखाली : "चित्र पूर्ण झालंय. मग हे आभाळ कुठलं?"

कपाटाच्या किल्लीखाली : "कपाटाला कुलूप नाही."

मिस्त्री हसले. पंधरवड्यात पहिल्यांदा हसले. एकामागून एक कार्डं वाचत ते भिंतीच्या कडेकडेने सरकू लागले आणि कशासाठी आलो होतो तेही क्षणभर विसरले. किती घरांत, किती माणसांच्या हातात काय काय उरलं होतं! आणि सगळ्यांनी ते लपवायच्या ऐवजी इथे आणून टांगलं होतं.

"सावकाश बघा," मागून आवाज आला. टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. पिकलेले केस, कपाळावर सरकवलेलं घड्याळजींचं भिंग. "कुणाला घाई नाही इथे."

"तुम्ही कुणाचंही घेता?"

"अट एकच. वस्तू चालू पाहिजे. बंद पडली असेल तर भाग तिच्याकडे परत जायचा. मी वर्षातून एकदा प्रत्येकाला विचारते, अजून चालतंय ना? हे पाहा." त्यांनी मनगट पुढे केलं. मनगटावर जुनं घड्याळ होतं. "मी जोडलेलं पहिलं घड्याळ. याचं एक चाक त्या कोपऱ्यात टांगलंय. सगळ्यात पहिला दोरा तोच. वडील म्हणाले होते, हे घड्याळ संध्याकाळपर्यंत बंद पडेल. वडील गेले, दुकान गेलं, हे चालूच आहे."

"पण मग ते चाक घातलं कशाला होतं कुणी?"

"मलाही तेच कोडं आहे. मला वाटतं, वस्तू बनवणारा मनातून घाबरट असतो. न जाणो म्हणून एखादा भाग जास्तीच घालतो." बाईंनी डोळे मिचकावले. "एकदा एक डॉक्टरही आले होते. काय आणलंय ते दाखवलं नाही. अट ऐकली आणि दारातूनच पळत सुटले."

मिस्त्रींनी खिशातून चकती काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. लिफ्ट, ताटली, पाटी, सोमवार. कुणाही परक्या माणसाला त्यांनी एवढं कधी सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "अध्यक्ष म्हणतात, तुमच्यावाचून अडत नाही. खरंच आहे ते. मी उद्या निवृत्त झालो तर एकही लिफ्ट मध्येच थांबायची नाही. मलाच टांगून ठेवा एका दोऱ्याला."

"तुमच्या वजनाचा दोरा नाही माझ्याकडे," बाई म्हणाल्या. भिंग डोळ्यावर ओढून त्यांनी चकती पाहिली. "घड्याळाची नाही, एवढंच मला सांगता येईल. भिंत बघा. हिचं कुणी भावंड असलं तर तिथेच असणार."

मग मिस्त्री भिंतीला लागले. आता वाचत नव्हते, फक्त आकार बघत होते. चौकोनी नको, जाड नको, पितळी नको. पहिली खोली संपली. दुसऱ्या खोलीत खिडकीजवळ, खालच्या ओळीत, त्यांना ती दिसली. पोलादी. तीन कान. दोन दात, दोन्ही शाबूत. त्यांनी आपली चकती तिच्यावर धरली. कानाला कान, दाताला दात जुळला.

कार्डावर ठसठशीत अक्षर होतं : "शिलाई मशीनच्या चाकाची चकती. मशीन साफ करून जोडलं तर उरली. चाक जोरात आवळून टाकलं, शिवतंय की. बॉबिन भरताना सुईपण नाचते. नाचू दे."

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. लिफ्टची नव्हती! लिफ्टचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं! त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, जेवढं उघडलं तेवढं बसलं! मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. शिलाई मशीनची चकती लिफ्टच्या ताटलीत आली कुठून?

आणि मग एकेक आठवत गेलं. त्या दिवशी सकाळी दारात चपला घालताना कंपनीचा फोन आलेला. फोन कानाशी, आणि दुसऱ्या हातात बायकोने हिरव्या फुलांच्या कापडाची एक पुरचुंडी ठेवलेली. "मशीनची एवढी चकती बघा हो, हिचा दात गेलाय. चाक नुसतं फिरतं, सुई हलत नाही. नवीन मिळाली तर आणा." ते म्हणाले होते, हो हो. नक्की बायकोला म्हणाले की फोनवरच्या माणसाला, तेही आता सांगता येत नव्हतं. पुरचुंडी पिशवीत टाकली. ती ओढताना सुटली, त्याच कापडाला हात पुसले. चकती ताटलीत पडली.

खिडकीशी बसून हाताने टाके घालणारी बायको आठवली. माझ्या त्याचं काय झालं हो? भाग यायचाय. बरं.

मिस्त्रींना इतकी लाज वाटली की कान तापले. पंधरवडाभर ज्या चकतीचं नाव जगभर शोधत होतो, ते सकाळी दारात बायकोने सांगितलं होतं. ताटातली भाजी सोडून जिच्याकडे बघत बसलो, ती समोर जेवत असलेल्या बायकोची होती. आणि आपल्यापायी ती त्या गुडघ्यांनी जिना चढत होती.

"सापडलं वाटतं," बाई दारात येऊन म्हणाल्या. मिस्त्रींनी सांगितलं. बाई हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार. चकती त्यांच्या तळहातावर परत ठेवून म्हणाल्या, "ही मी घेऊ शकत नाही. हिच्यावाचून अडलंय. पलीकडच्या गल्लीत शिलाई मशीनच्या सामानाचं दुकान आहे. उघडं असेल अजून."

नवी चकती घेऊन मिस्त्री इमारतीत आले. पाटी काढली, वीज जोडली. सवयीप्रमाणे आधी एकट्यानेच वर निघाले, पण तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी धापा टाकल्याचा आवाज आला. त्यांनी लिफ्ट थांबवली, दार उघडलं. समोर स्टुलावर बायको बसली होती, पायाशी पिशवी.

तिने आधी लिफ्टकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आला का भाग?"

"आला," मिस्त्री म्हणाले.

"लिफ्टचा की माझा?"

मिस्त्रींनी पिशवी उचलून आत घेतली. ती आत आली, दार लागलं, लिफ्ट वर निघाली. त्यांनी खिशातून दोन चकत्या काढल्या, नवी आणि जुनी.

"मी म्हटलंच होतं, येईल," ती नवी चकती निरखत म्हणाली. "शेजारची म्हणत होती, दुसऱ्या कुणाकडून करून घे. म्हटलं, नको. हे सांगतात ना, यायचाय म्हणून. म्हणजे येणार."

सगळ्या इमारतीत त्या पाटीवर विश्वास ठेवलेलं हे एकच माणूस होतं. मिस्त्रींना पुढे खोटं बोलवेना. चौथा मजला गेला तेव्हा त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि पाचव्याला दार उघडून उभ्या-उभ्या संपवलं.

तिने झिजलेल्या दातावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस जिने चढले, ते माझ्याच मशीनच्या चकतीपायी?"

"हो."

"आणि ती तुमच्या खिशात?"

"हो."

"आणि मला दाखवावीशी एकदाही वाटली नाही?"

उत्तराची वाट न बघता ती पिशवी घेऊन घरात गेली. रात्री जेवण झाल्याबरोबर मिस्त्रींनी मशीनवरचं झाकण काढलं, ताटली घेतली, चाक सोडवलं, क्रमाने मांडलं, नवी चकती बसवली, सगळं आवळलं. ताटली पालथी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती तशीच बाजूला ठेवली. बायकोने येऊन चाक हाताने फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. मग तिने अर्धा शिवलेला अभ्रा आणला आणि एका दमात कडेपर्यंत टीप मारली. तो खडखडाट घरात किती दिवसांत झाला नव्हता, ते मिस्त्रींना तेव्हा कळलं.

"उद्या मला ते म्युझियम दाखवा," ती मशीनकडे बघतच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं लिफ्टने खाली उतरले. तळमजल्यावर अध्यक्ष उभे होते. "आला वाटतं भाग! बघा, दम दिला की येतो." बायको म्हणाली, "हो ना. तुमच्यावाचून अडलंच असतं."

म्युझियममध्ये ती मिस्त्रींपेक्षाही रेंगाळली. कवळीतल्या दातापुढे तर डोळे पुसेपर्यंत हसली. मग पर्स उघडून तिने झिजलेली चकती घड्याळवाल्या बाईंपुढे ठेवली. "आता मशीन चालतंय. ही घ्या."

"ही बदललेली झाली," बाई म्हणाल्या. "मी उरलेलेच भाग घेते."

"उरलीच होती की. पंधरवडाभर यांच्या खिशात उरली होती."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं आणि एक कोरं कार्ड पुढे सरकवलं. बायकोने लिहिताना हाताचा आडोसा केला, परीक्षेत करतात तसा. लिहून झाल्यावर बाईंनी ते वाचलं, काही न बोलता भोक पाडलं आणि दोऱ्यात ओवलं. भिंतीवर टांगल्यावरच मिस्त्रींना वाचायला मिळालं.

"याच्यावाचून काय अडलं?" वर छापील अक्षरं होती. आणि खाली : "शिवण अडली, लिफ्ट अडली, गुडघे अडले. शेवटी नवऱ्याला घर आठवलं."

मिस्त्रींनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग उगाच खिसे चाचपले. रिकामे होते.

"जेवढं उघडलं..." त्यांनी सुरुवात केली.

"राहू दे ते," बायको म्हणाली. "चला लवकर. तुमच्या नावाने बंद पडलेला मिक्सर ठेवलाय मी गेल्या वर्षापासून."